कर्ण, लाल्या आणि कॅप्टन री

काकूंच्या नातीने आणखी एक स्थळ नाकारलं. मुलगा चिंचवडचा, इंजिनिअर, निर्व्यसनी, आईवडील वेगळ्या फ्लॅटमध्ये राहणारे. पुण्यात असं स्थळ चालून आलं की लोक आधी पेढे आणतात आणि मग पत्रिका बघतात.

"मग खोट काय काढली?" मी गॅलरीतून विचारलं.

"खोट नाहीच म्हणे. 'आजी, आतून काही वाटलं नाही.' आतून! आमच्या वेळी आतून फक्त आजेसासूची हाक यायची."

बुधवार पेठेत कुंपण घालायला जागा कुणाकडे आहे? आमच्या आणि काकूंच्या गॅलरीत हात लांबवला तर वाटी पोचेल एवढं अंतर. खाली तपकीर गल्लीकडे वळणारे टेंपो हॉर्न वाजवत असतात, त्यामुळे गुपितंसुद्धा ओरडून सांगावी लागतात आणि ती तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना कळतात. काकू देशपांड्यांच्या घरातल्या, मी तीन पिढ्यांची ख्रिस्ती. आमच्यात चहाची देवघेव रोजची. १८९० साली इथून फार लांब नाही अशा पंच हौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे वगैरे मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली होती. कुणी प्यायलं, कुणी नुसता कपाला हात लावला. गोपाळराव जोशांनी नावानिशी यादी 'पुणे वैभव'मध्ये छापून टाकली आणि शहराला प्रायश्चित्ताचा विषय पुढे कितीतरी दिवस पुरला. गप्पा मारणाऱ्या पुणेकरांनी घरात या गोपाळरावांचा फोटो लावायला हरकत नाही. काकू मात्र माझा चहा पितात, साखर कमी आहे म्हणून नावं ठेवतात आणि प्रायश्चित्त मलाच देतात.

"आतून वाटण्याचा बेत कुणाबरोबर आहे पण?" मी विचारलं.

काकूंनी आवाज खाली आणायचा प्रयत्न केला. "कॅप्टन आहे. उत्तर कोरियातला."

मला कळेना, पोरगी हिंजवडीला जाते की प्याँगयांगला. मग उलगडा झाला. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' नावाची कोरियन मालिका. श्रीमंत घरची दक्षिण कोरियन मुलगी पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि थेट सीमेपलीकडे पडते. तिथला हा कॅप्टन री. तो तिला लपवतो, खाऊपिऊ घालतो, पियानो वाजवतो, आणि पुढे तिच्यासाठी जीव धोक्यात घालून सोलपर्यंत येतो. ह्यून बिन नावाच्या नटाने केलेलं काम.

"मैद्याच्या पुरीसारखा गुळगुळीत आहे गं," काकू म्हणाल्या. "मिशीचा पत्ता नाही. आणि ही त्याच्यासाठी रात्री दोन-दोनपर्यंत रडते. मी म्हटलं, अगं, तो आहे का कुठे? तो नाहीच! जो नाही त्याच्यासाठी चिंचवडचा सोडायचा?"

"काकू," मी म्हटलं, "तुमचा कर्ण तरी कुठे होता?"

काकू गप्प झाल्या. हे क्वचित घडतं म्हणून नोंदवून ठेवते.

कर्णाचं प्रकरण मला त्यांच्या धाकट्या जावेने सांगितलं होतं. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली आली तेव्हा काकू कॉलेजात होत्या. तेवढं जाडजूड पुस्तक त्यांनी नगर वाचन मंदिरातून मुदत वाढवून वाढवून घरी ठेवलं, आणि सांगून आलेल्या पहिल्या मुलाला नकार दिला तो 'चेहऱ्यावर तेज नाही' म्हणून. कवचकुंडलं घेऊन जन्मलेल्यापुढे एलआयसीतल्या कारकुनाचं तेज किती पडणार?

"कर्णाची गोष्ट वेगळी," काकू सावरून म्हणाल्या. "त्याच्यावर अन्याय झाला होता."

"आणि लाल्यावर?"

"लाल्याचं नाव काढू नकोस."

'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या, म्हणजे डॉक्टर काशिनाथ घाणेकर. ज्यांनी पाहिलं त्या पिढीतल्या बायकांपुढे आजही हे नाव काढलं की आधी पदर सावरला जातो. घाणेकर शिक्षणाने दातांचे डॉक्टर. काकूंची एक मैत्रीण म्हणे दात दुखत नसताना मुंबईला दाखवायला निघाली होती, वडिलांनी स्टेशनवरून परत आणली. घाणेकर गेले १९८६ साली. लाल्या अजून गेलेला नाही.

खरं तर हा आजार पेठेत जुनाच. त्याआधी बालगंधर्व होऊन गेले. पुरुषाने केलेल्या बाईवर पुरुष भाळले आणि बायकांनी त्याच्या नेसण्याची नक्कल केली. यावर मानसशास्त्राचे प्रबंध लिहिता येतील, पण आपण गॅलरीत उभे आहोत. फडक्यांच्या कादंबऱ्यांतल्या सडपातळ, हुशार, सुगंधी नायकांनी पुढच्या दोन पिढ्यांच्या मुली बिघडवल्या असं त्या मुलींच्या आया म्हणायच्या. आणि प्रभात! ज्यांच्या नावाचं टॉकीज आमच्या अप्पा बळवंत चौकाशी इतकी वर्षं होतं त्या प्रभातने १९३६ साली 'संत तुकाराम' काढला. विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले, आणि लोक रस्त्यात त्यांच्या पाया पडू लागले. पागनीस एकेकाळी नाटकांत स्त्रीभूमिका करायचे. पण पाया पडणाऱ्याला ते कशाला आठवेल? त्याला तुकारामाच्या पाया पडायचं होतं आणि तुकाराम वैकुंठाला जाऊन पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली होती. जवळ होते ते पागनीस.

उलटंही होतं. स्वप्नील जोशी आधी रामानंद सागरांच्या मालिकेत कृष्ण झाला, तेव्हा काकूंनी टीव्हीला हात जोडले. पुढे तो 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'मध्ये घना झाला, तेव्हा काकूंच्या सुनेने जोडले. मुलगा तोच, फक्त मोरपीस काढलेलं.

मला इथेच काहीतरी सापडल्यासारखं झालं. मी काकूंना म्हटलं, "या पोरीला कॅप्टनचा चेहरा नकोच आहे. चेहरे काय, मोबाइलवर ढिगाने मिळतात. ती रडते कुठे ते बघा. तो तिला ओळखतो तिथे. तिच्यासाठी थांबतो तिथे. स्वतःचं सगळं सोडून सीमा ओलांडून येतो तिथे. ज्या मुलीला घरात कुणीच 'तू कशी आहेस' विचारत नाही, तिच्यासाठी कुणीतरी जीवावर उदार होऊन येतो. काकू, ही गोष्ट मी दर रविवारी ऐकते."

"कुठे?"

"गुरुवार पेठेत. आमच्या देवळात."

"आलं तुझं मिशन," काकू म्हणाल्या, पण गेल्या नाहीत. कपडे वाळत घालायचे बाकी होते.

मिशन म्हणा, पण मराठी कादंबरीच मिशनच्या दारातून आत आली, त्याला मी काय करू? बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ सालची. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. बाबा स्वतः ख्रिस्ती झालेले. विषय विधवांच्या हालांचा. पण तिच्यातला विनायक बघा. बायकोला बरोबर घेऊन प्रवास करतो, तिच्याशी विचार बोलतो, तिचं ऐकतो. ज्या काळात नवऱ्याने चारचौघांत बायकोकडे बघणंसुद्धा उर्मटपणा ठरायचा, त्या काळात हा नवरा! मराठी वाचणाऱ्या पहिल्या मुलींनी हा विनायक वाचून उसासा टाकला नसेल असं कोण म्हणेल? आणि पदमनजींनी त्याला कादंबरी संपायच्या आत मारलं. पुढे यमुना बाप्तिस्मा घेते, पुनर्विवाहही करते. पहिल्याच नायकाने जाता जाता सांगून ठेवलं की मी शेवटचा मुक्काम नाही. पुढच्या लेखकांनी एवढा मोठेपणा नायकाला फारसा दाखवू दिला नाही.

आमच्याकडच्या मुलींची तऱ्हा आणखी निराळी. तरुण संघातल्या मुली कोरियन मालिका बघतात त्या चोरून. उघडपणे वाचतात ते 'रिडीमिंग लव्ह'. फ्रान्सिन रिव्हर्स या अमेरिकन बाईंची १९९१ ची कादंबरी, २०२२ मध्ये सिनेमाही आला. बायबलातल्या होशेय संदेष्ट्याची गोष्ट त्यांनी कॅलिफोर्नियात, सोन्याच्या खाणींच्या काळात नेली. लहानपणी विकली गेलेली, कुंटणखान्यात वाढलेली एंजल. आणि मायकेल होशेया नावाचा शेतकरी. देवाने सांगितलं म्हणून हा तिच्याशी लग्न करतो. ती पळते, तो शोधून आणतो. ती पुन्हा पळते. तो चिडत नाही, थकत नाही, आणि खांदे रुंद.

मूळ होशेयाच्या पुस्तकात तो देखणा होता असं अवाक्षर नाही. ते पुस्तक म्हणजे देवाची तक्रार आहे. माझी माणसं मला सोडून दुसऱ्यांमागे जातात आणि माझ्याच्याने त्यांना सोडवत नाही, अशी. रिव्हर्सबाईंनी ती देवाची माया उचलून एका दाढी वाढलेल्या शेतकऱ्यात भरली. पुस्तक वाईट नाही. मी दोनदा वाचलं. पण वाचून झाल्यावर मुली तरुण संघातल्या मुलांकडे बघतात. त्या बिचाऱ्यांना गिटारवर तीन कॉर्ड येतात, पगार वेळेवर होत नाही, आणि कुणी दोनदा फोन उचलला नाही तर तिसऱ्यांदा करायची त्यांची हिंमत नसते. त्यांनी मायकेल होशेयाच्या खांद्याला खांदा कसा लावायचा? जे काम देवाने अंगावर घेतलं ते आपण खराडीच्या सॉफ्टवेअर टेस्टरकडून करून घ्यायला निघालो आहोत, आणि त्याला जमत नाही म्हणून 'आतून वाटलं नाही'.

दुसरी गोष्ट मला याहून जास्त टोचते. एंजलसारख्या विकल्या गेलेल्या बायका आमच्यापासून चार गल्ल्यांपलीकडे राहतात. बुधवार पेठ म्हटलं की अर्ध्या महाराष्ट्राला दगडूशेठ गणपती आठवतो आणि उरलेला अर्धा मिशीत हसतो. आमच्या मुली पुस्तकातल्या एंजलसाठी उशी भिजवतात आणि घरी येताना रिक्षावाल्याला सांगतात, काका, त्या गल्लीतून नको. स्वप्नातल्या नायकाची ही खोड मला मान्य नाही. तो रडवतो भरपूर, पण उठून कुणाच्या दारी जायला लावत नाही.

काकूंनी शेवटचा चिमटा लावला आणि तोपर्यंत जमवून ठेवलेला प्रश्न टाकला.

"मग तुझा येशू तरी काय गं? तोही पुस्तकातलाच. तुमच्या कॅलेंडरावर बघते मी, सोनेरी केस, निळे डोळे, कसा छान तिरका बघतो. कॅप्टनहून काय वेगळा?"

सदाशिव पेठेतल्या माहेरचा प्रश्न होता. नेमका जागेवर लागला. कॅलेंडराबद्दल मी ताबडतोब शरण गेले. वॉर्नर सॉलमन नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १९४० साली काढलेलं ते डोकं. कोट्यवधी प्रती छापल्या गेल्या. पश्चिम आशियातल्या उन्हात वाढलेल्या सुताराचा हॉलीवूडचा नट झाला आणि मराठी ख्रिस्ती घरांत खिळ्याला टांगला गेला. आमच्यातल्या कैक बायांनी पहिलं प्रेम त्या चित्रावर केलं असेल. मी कुणाचं नाव घेत नाही. पण शास्त्र काढून बघितलं तर यशयाच्या ५३व्या अध्यायात येणाऱ्या सेवकाचं वर्णन अगदी उलटं: त्याला रूप नाही, बघून ओढ वाटावी असं काही नाही, लोक तोंड फिरवतात. आम्ही ते वर्णन येशूचं मानतो. म्हणजे आमचा नायक 'दाखवून घेण्याच्या' कार्यक्रमातच नापास.

"पण फरक काय ते सांग," काकू.

"फरक एवढाच की तो माझं ऐकत नाही."

"हा गुण झाला?"

"झाला. कॅप्टन तुमच्या नातीला कधी नाही म्हणतो का? कर्णाने तुम्हाला कधी सांगितलं का, की जा आणि जावेशी बोला? स्वप्नातला माणूस आपल्याच मनाचा असतो, तो आपल्याविरुद्ध जाणार कसा? योहानाच्या चौथ्या अध्यायात ती शोमरोनी बाई विहिरीवर येते. भर दुपारी, एकटी. हा तिच्याकडे पाणी मागतो, तिच्याशी बोलतो, आणि मग तिचे पाच नवरे काढतो! दुसरी असती तर घागर डोक्यात घातली असती. ती मात्र घागर तिथेच टाकून गावात पळते आणि सांगते की माझं सगळं ज्याला ठाऊक आहे असा माणूस भेटला. सगळं ठाऊक असूनही तिच्याशी बोलत राहिला, हे तिला लागलं. आणि माझ्याबाबत म्हणाल तर, नणंदेशी अबोला धरून मी छान सुखात होते. दर रविवारी प्रभुभोजनाला जाताना हा मध्ये उभा राहतो. शेवटी गेले मी तिच्याकडे, चकल्या घेऊन. कुठला हिरो असला त्रास देतो?"

काकू हसल्या. "आमचा पांडुरंग बरा. जनाबाईचं दळण दळून द्यायचा."

"म्हणून तर आमच्या नारायण वामन टिळकांना तो परका वाटला नाही. तुकारामाच्या वाटेनेच ख्रिस्तापाशी पोचलो असं ते म्हणायचे."

इथे पंडिता रमाबाईंची आठवण काढल्याशिवाय मला राहवत नाही. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेला होता, कडेवर मुलगी. पुढे शारदा सदन मुंबईहून पुण्यात आणलं, तेही १८९० मध्येच, म्हणजे चहाच्या गोंधळाच्या वर्षी. एवढी विदुषी, एवढं धैर्य. आणि त्याच बाई नंतर लिहितात की बाप्तिस्म्यानंतर इतकी वर्षं माझ्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. माणूस धर्मग्रंथावरसुद्धा तसंच प्रेम करू शकतो जसं कादंबरीवर. रमाबाईंना हे स्वतःच्या तोंडाने सांगायची लाज वाटली नाही. त्यांची ओढ त्यानंतर शमली म्हणावी तर ती बाई केडगावला मुक्ती मिशन काढून, दुष्काळातल्या, टाकलेल्या, विधवा मुली शेकड्यांनी गोळा करत सुटली. म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीकवरून आख्खं बायबल मराठीत करत बसली. ज्या ओढीने माणूस असा कामाला लागतो, ती ओढ खरी समजायला माझी हरकत नाही.

आमचे जुने पाळक 'गीतरत्न' आलं की पानं उलटून पुढे जायचे. बायबलातलं ते प्रेमकाव्य. वर्णनं अशी की तरुण संघापुढे वाचायची सोय नाही. आणि बाराव्या शतकात बर्नार्ड नावाच्या मठाधिपतीने त्याच्यावर ८६ प्रवचनं दिली आणि जेमतेम तिसऱ्या अध्यायाच्या तोंडापर्यंत पोचला. सगळी प्रवचनं देव आणि जीव यांच्या प्रीतीवर. आमच्या पाळकांनी पानं उलटली नसती तर मुलींना एवढं तरी कळलं असतं की ही हुरहुर पाप नाही. तिच्यावर रागावून, मोबाइल काढून घेऊन, स्थळांचा मारा करून ती जात नाही. चर्चवाल्यांनी कादंबऱ्यांना सैतान म्हणून बघितलं, उपयोग झाला नाही. मुलींनी उशीखाली ठेवल्या.

"म्हणजे हिला कोरियन बघू द्यायचं?" काकूंना शेवटी कामाचं काय ते हवं असतं.

"बघू द्या. फक्त एक पुस्तक हातात द्या. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'."

कारण नवरा कसा असतो हे मराठीत त्या बाईइतकं खरं कुणी लिहिलेलं नाही. नारायण वामन टिळक म्हणजे कवी, दिसायला तेजस्वी, मनाने राजा. कुठल्याही कादंबरीत नायक म्हणून खपले असते. घरात मात्र आज आहेत, उद्या कुठल्या गावाला गेले पत्ता नाही. हातात आलेला पैसा पहिल्या गरजूला. राग आला की आग. आणि १८९५ साली बायकोला न विचारता मुंबईत बाप्तिस्मा घेऊन मोकळे. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या, रडल्या, भांडल्या, आणि मग आपल्या पायांनी त्याच ख्रिस्तापाशी पोचल्या. नवऱ्याने ओढून नेलं म्हणून नव्हे. स्वतःचं स्वतः जातपात, सोवळंओवळं सगळं निस्तरून. नवऱ्याला देव मानायचं त्यांनी सोडलं आणि त्यानंतरच त्यांना त्याच्यावर पोटभर हसता आलं. त्या पुस्तकात टिळकांची इतकी फजिती आहे आणि इतकं प्रेम आहे की दोन्ही वेगळं काढता येत नाही. टिळक १९१९ मध्ये गेले, 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहायला घेतलं.

नायकाकडून देवपणाची अपेक्षा काढून घेतली की माणूस उरतो, आणि माणसाबरोबर संसार करता येतो. चिंचवडच्या मुलाने आणखी काय करावं अशी अपेक्षा आहे? तो उत्तर कोरियात राहत नाही हा त्याचा दोष नव्हे.

तेव्हा ज्यांच्या घरी लग्नाची मुलगी आहे त्यांना माझं सांगणं आहे. अप्पा बळवंत चौकात या, कुठल्याही दुकानात 'स्मृतिचित्रे' मागा, आणि केळवणाला तीच द्या. मिक्सर दोन-तीन येतातच.